चार्जिंग पोर्ट बिघडला, फोन बदलायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन चार्ज होत नाही, आता नवाच घ्यावा का, असं विचारणारे निरोप सतत येत असतात. बहुतेकांचा फोन बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असतो. कॅमेरा चांगला, स्क्रीन चांगली, वेगही पुरेसा, फक्त चार्जिंग पोर्ट, म्हणजे केबल लावायचं खालचं ते एक छिद्र, दगा देत असतं. तेवढ्यासाठी अख्खा फोन टाकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फोन ओला झाला असेल तर थेट प्रश्न ८ वाचा. पाठ फुगलेली दिसत असेल किंवा जळका वास येत असेल तर सगळं सोडून आधी प्रश्न ९.

१. चार्जर लावला तरी फोन चार्ज होत नाही. पोर्ट गेला असं समजायचं का?

इतक्यात नाही. पोर्ट गेला म्हणून आलेल्या तक्रारीत पोर्ट निर्दोष निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. आधी केबल बदलून पाहा, कारण सगळ्यात लवकर जाते ती केबल. तीही बहुधा टोकाच्या मानेजवळ, वरून धड दिसत असताना आतून तुटलेली असते. मग अ‍ॅडॅप्टर बदला, मग भिंतीवरचं सॉकेट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. उलटी तपासणीही करा: तीच केबल आणि तोच अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या फोनला लावा. तिथे चार्जिंग नीट झालं, तरच संशय तुमच्या फोनवर घ्यायचा.

फोन पूर्ण उतरून बंद पडला असेल तर चार्जर लावल्या लावल्या स्क्रीनवर काही दिसेलच असं नाही. अर्धा तास तसाच राहू द्या. चालू असेल तर एकदा रीस्टार्ट करा. आणि फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर तो पॅडवर ठेवून पाहा. ही सर्वात उपयोगी चाचणी आहे. पॅडवर चार्ज होतो आणि केबलनं होत नाही, याचा अर्थ बॅटरी शाबूत आहे आणि दोष पोर्टमध्ये किंवा पोर्टपासून आत जाणाऱ्या वाटेत आहे.

२. पोर्टच खराब आहे हे ओळखायची लक्षणं कोणती?

एकापेक्षा जास्त चांगल्या केबलींना तीच तक्रार येणं, हे मुख्य लक्षण. केबल विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग सुरू राहतं, फोन जरा हलला की तुटतं, पुन्हा जोडलं जातं. चार्जिंगचा आवाज सारखा वाजत राहतो. कॉम्प्युटरला लावल्यावर फोन दिसत नाही किंवा मधेच गायब होतो.

केबल आत किती जाते तेही पाहा. चांगल्या पोर्टमध्ये ती शेवटी हलकी टक करून बसते आणि टोकाची धातूची बाजू जवळजवळ पूर्ण आत जाते. टोक आणि फोनच्या कडेत बारीक फट राहत असेल, केबल सहज सुटत असेल, तर पोर्ट सैल झालाय असं वाटतं खरं, पण तो बहुधा कचऱ्यानं भरलेला असतो. ही गोष्ट साफसफाईनं सुटते, प्रश्न ४ पाहा. केबल पूर्ण आत बसूनही लटपटत असेल तर मात्र आतली धातूची कड फाकलेली आहे किंवा सोल्डर (पोर्टला बोर्डाशी धरून ठेवणारा धातूचा जोड) सुटलं आहे.

३. दिवसातून चार-चार वेळा चार्जिंगला लावतो, म्हणून पोर्ट झिजला असेल का?

नुसत्या लावण्या-काढण्यानं तो सहसा झिजत नाही. यूएसबी-सीचा (केबल कुठल्याही बाजूनं लागते तो लंबगोल) पोर्ट १०,००० वेळा लावून काढण्याच्या हिशेबानं बनवलेला असतो. दिवसातून चारदा म्हटलं तरी साडेसहा वर्षांहून जास्त झाली. पोर्ट मरतो तो बाजूच्या ताणानं. चार्जिंगला लावून फोन हातात धरून खेळणं, झोपून छातीवर टेकवणं, गाडीत केबलला लटकवणं, केबलमध्ये पाय अडकून फोन खाली येणं. खालोखाल कारणं म्हणजे खिशातला कचरा आणि ओलावा. चार्जिंग चालू असताना फोन वापरायचाच असेल तर काटकोनी टोकाची केबल घ्या, टोकावर येणारा जोर पुष्कळ कमी होतो.

४. पोर्ट घरी साफ करता येतो का? कसा करायचा?

येतो, आणि दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येकानं करून पाहावा. घाई मात्र नको.

फोन बंद करा, केबल काढा, कव्हर काढा. दुसऱ्या फोनचा टॉर्च तिरका धरून आत बघा. यूएसबी-सी असेल तर मधोमध एक पातळ जीभ दिसेल, तिच्या दोन्ही बाजूंना सोनेरी रेघा. त्या रेघांतूनच वीज जाते. कचरा जिभेवर फारसा नसतो. तो जिभेच्या भोवतीच्या खाचेत, अगदी तळाशी असतो. दर वेळी केबल आत जाताना खिशातलं सूत आणि धूळ तळाशी दाबत जाते, त्यामुळे वरून पाहिलं तर तो पोर्टचा काळसर तळच वाटतो. अनेक जण इथेच फसतात: आत स्वच्छ आहे असं खात्रीनं सांगतात आणि प्रत्यक्षात निम्मी खाच भरलेली असते.

लाकडी टूथपिक घ्या आणि तिचं टोक ब्लेडनं तासून चपटं, पातळ करा. प्लास्टिकची पातळ दातकोरणीही चालते. पोर्टचं तोंड खाली ठेवा, म्हणजे सुटलेला कचरा बाहेर पडेल. टोक बाहेरच्या भिंतीला लागून तळापर्यंत न्या आणि हळूच बाहेरच्या दिशेनं उकरा. जिभेवर जोर द्यायचा नाही, तिला आडवं ढकलायचं नाही. ती तुटली तर मग पोर्ट बदलण्यावाचून इलाज नाही. दोन-तीन वेळा उकरल्यावर घट्ट दाबलेल्या नमद्यासारखी करडी चकती बाहेर येते, आणि तेवढ्यानंच केबल पुन्हा टक करून बसते.

रेघांवर काळपट किंवा हिरवट डाग असतील तर ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ बारीक ब्रश वापरा. ब्रश ओलसर असावा, त्यातून थेंब गळू नयेत. नंतर निदान पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, मगच केबल लावा.

आयफोनचा जुना लाइटनिंग पोर्ट वेगळा असतो. त्यात मधली जीभ नसते, संपर्करेघा आतल्या भिंतीवर असतात. तिथे भिंत घासू नका, फक्त तळाचा कचरा ओढून काढा. आणि जुन्या मायक्रो-यूएसबीची जीभ फारच नाजूक असते. तिथे ब्रशपलीकडे जाऊ नका.

५. सुई, फुंकर, हवेचा स्प्रे, तेलकट स्प्रे यांपैकी काय चालेल?

यांपैकी काहीच नाही. सुई किंवा सेफ्टी पिननं रेघांवरचा मुलामा खरवडला जातो, आणि एकदा मुलामा गेला की तिथे गंज लवकर धरतो. दोन रेघा एकमेकींना चिकटवून शॉर्ट करण्याची भीती वेगळीच. फुंकरीत ओलावा असतो. दाबाच्या हवेचा डबा जवळून मारला तर धूळ शेजारच्या माइकच्या छिद्रात जाते, आणि डबा तिरका धरला तर आतलं अतिथंड द्रव बाहेर येतं. गंज सोडवणारे तेलकट स्प्रे आत थर ठेवतात, त्यावर आणखी धूळ बसते. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातं.

६. चार्ज होतो, पण अगदी हळू. फास्ट चार्जिंग बंद झालं. हाही पोर्टचाच दोष का?

कधी कधी. फास्ट चार्जिंग सुरू होण्याआधी फोन आणि चार्जर एकमेकांशी बोलून किती व्होल्ट, किती अँपिअर ते ठरवतात. हा संवाद वेगळ्या संपर्करेघांवरून होतो. वीज वाहणाऱ्या रेघा ठीक पण संवादाची रेघ काळवंडलेली, असं असेल तर चार्जिंग होतं, पण किमान वेगानं.

त्याआधी केबल तपासा. साधी सी-टू-सी केबल (दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली) ३ अँपिअरपर्यंतच चालते, ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात ओळख देणारी चिप लागते. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग तर त्यांच्याच केबल-अ‍ॅडॅप्टरच्या जोडीवर चालतं. शिवाय फोन तापलेला असला किंवा बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली असली की वेग मुद्दाम कमी केला जातो. तो बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये बॅटरी जपण्यासाठीची चार्जिंग मर्यादा चालू आहे का, तेही एकदा पाहून घ्या.

७. केबल एका बाजूनं लावली तर चार्ज होतो, उलटी लावली की नाही. असं कसं?

यूएसबी-सीमध्ये एकूण २४ संपर्कांची जागा असते, जिभेच्या वर १२ आणि खाली १२. केबल लागली आहे आणि कुठल्या बाजूनं लागली आहे हे ओळखण्यासाठी पोर्टमध्ये सीसी नावाचे दोन संपर्क असतात, वर एक, खाली एक. केबलमध्ये मात्र ती तार एकच असते. म्हणजे केबल उलटली की दुसरा सीसी संपर्क कामाला लागतो. त्यातला एक घाण झाला किंवा तुटला की तुमच्या फोनसारखं होतं. आधी साफ करा, प्रश्न ४ प्रमाणे.

याच कारणानं आणखी एक कोडं पडतं: जुन्या आयताकृती यूएसबी-ए चार्जरवर फोन चार्ज होतो, नव्या सी-टू-सी चार्जरवर काहीच होत नाही. जुना चार्जर ५ व्होल्ट कायम सोडत असतो. सी चार्जर मात्र सीसीवर फोनची ओळख पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. म्हणून नवा चार्जर खराब समजून परत करण्याआधी पोर्ट तपासा.

८. फोन ओला झाला, किंवा ‘पोर्टमध्ये ओलावा आहे’ अशी सूचना येतेय. काय करू?

केबल लगेच काढा आणि सूचना जाईपर्यंत लावू नका. नुसत्या ओलाव्यापेक्षा ओलावा आणि वीज एकत्र येणं पोर्टला जास्त घातक असतं. ओल्या संपर्कांतून वीज वाहिली की धातू झपाट्यानं गंजतो, सोनेरी रेघा काळ्या-हिरव्या पडतात.

पोर्टचं तोंड खाली धरून तळहातावर हलके आपटा, मग हवेशीर जागी, पंख्यासमोर ठेवा. हेअर ड्रायर नको, उष्णतेनं आतला गोंद आणि सील सुटतात. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय सोडून द्या. फोन त्यानं लवकर वाळत नाही, उलट पिठाचे कण पोर्टमध्ये जातात. तोपर्यंत वायरलेस चार्जिंग चालेल, पाठ कोरडी पुसून.

फोन दिवसभर वाळूनही सूचना जात नसेल तर केबलचं टोक ओलं किंवा गंजलेलं नाही ना ते पाहा. तेही नसेल तर आत क्षाराचा थर राहिला असणार. मग अल्कोहोल आणि ब्रश. समुद्राचं पाणी, चहा, सरबत यांपैकी काही गेलं असेल तर घरी वाट पाहत बसू नका. मीठ-साखरेचे थर वाळल्यावरही गंज चालूच राहतो, फोन उघडूनच साफ करावा लागतो, आणि तो जितक्या लवकर उघडाल तितका बरा.

९. पोर्टजवळ फोन खूप तापतो, जळका वास येतो, किंवा पाठ उचलली गेली आहे. दुरुस्तीला देईपर्यंत वापरला तर चालेल?

नाही. चार्जिंग ताबडतोब थांबवा. पोर्टच्या आतलं प्लास्टिक वितळलेलं दिसत असेल तर त्यात दुसरी कुठलीही केबल घालू नका, चांगली केबलही जळते. पाठ किंवा स्क्रीन कडेनं उचलली गेली असेल तर बॅटरी फुगली आहे. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, पाठ दाबून परत बसवायची नाही. फोन बंद करून, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि तसाच दुरुस्तीला न्या. फुगलेली बॅटरी आधी बदलायची, पोर्टचं नंतर.

१०. पोर्ट बदलणं म्हणजे नेमकं काय करतात?

हे तुमच्या फोनच्या रचनेवर ठरतं आणि कामाचा खर्च-वेळही त्यावरच.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसतो. खालच्या कडेला एक छोटा वेगळा बोर्ड असतो, त्याला सब-बोर्ड किंवा चार्जिंग बोर्ड म्हणतात. त्यावर पोर्ट, माइक, कधी अँटेनाची जोडणी असते आणि एका फ्लेक्स पट्टीनं (वाकणाऱ्या पातळ पट्टीनं) तो मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. असा फोन असेल तर पाठ गरम करून उघडतात, बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवतात, स्क्रू आणि स्पीकर काढून जुना बोर्ड उचलतात, नवा बसवतात. सरावलेल्या हाताला हे फार वेळाचं काम नाही. आयफोनमध्ये पोर्ट फ्लेक्स पट्टीवरच असतो. तिथे सोल्डरिंग लागत नाही, पण उघडण्याचं काम जास्त किचकट असतं.

काही फोनमध्ये पोर्ट थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असतो. मग हॉट एअरनं (गरम हवेच्या झोतानं) जुना पोर्ट उचलून, जागा साफ करून, मायक्रोस्कोपखाली नवा सोल्डर करावा लागतो. उष्णता जास्त झाली तर शेजारचे बारीक भाग हलतात, बोर्डावरचे पॅड (सोल्डर बसायच्या धातूच्या जागा) उखडतात. हे काम ज्याच्याकडे मायक्रोस्कोप आहे आणि जो ते नेहमी करतो, त्याच्याकडेच द्या.

सब-बोर्डवरचा नुसता पोर्ट बदलावा की अख्खा बोर्ड? मिळत असेल तर अख्खा बोर्ड. फक्त तो चांगल्या प्रतीचा हवा, प्रश्न १३ पाहा.

११. हे मी स्वतः करू शकतो का?

सब-बोर्डचा फोन असेल, हात स्थिर असेल आणि आधी एखादा फोन उघडला असेल तर हो. तुमच्या नेमक्या मॉडेलचे उघडण्याचे टप्पे आधी पूर्ण पाहा, स्क्रू कुठून निघाले ते कागदावर मांडून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर बोर्डाला भोक पडतं. बॅटरीजवळ धातूचं टोकदार हत्यार नेऊ नका. सोल्डरिंगचा प्रकार असेल तर पहिला प्रयोग स्वतःच्या चालू फोनवर करू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा: पाठ उघडली की पाणीरोधक सील तुटतं. नवी चिकटपट्टी लावली तरी पूर्वीइतकी खात्री राहत नाही.

१२. दुरुस्तीला देताना काय विचारायचं? माझ्या डेटाचं काय?

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीचं सेंटर, दुसरीकडे उघडलेला फोन पुढे नाकारला जाऊ शकतो. पाण्यानं झालेला बिघाड मात्र सहसा वॉरंटीत बसत नाही.

बाहेर देत असाल तर विचारा: आधी साफ करून तपासणार का? पोर्ट बदलणार की बोर्ड? पार्ट मूळ की कॉपी? काम किती दिवसांच्या हमीवर? जुना पार्ट परत मिळेल का? साफ करूनही चालला तर तेवढेच पैसे घेईन, असं आपणहून सांगणारा कारागीर विश्वासाचा. तपासायच्या आधीच ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडून फोन उचला.

पोर्ट बदलण्यासाठी डेटा पुसावा लागत नाही. तरी बॅकअप आधी घ्या. केबल चालत नसली तरी वायफायवरून तो घेता येतो. स्क्रीनचा पासवर्ड देऊ नका, काही फोनमध्ये रिपेअर मोड किंवा मेंटेनन्स मोड असतो, तो चालू करून द्या. त्यात कारागिराला फोन तपासता येतो, तुमचे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत.

१३. पोर्ट बदलून आणला. आता समोरच्याला माझा आवाज नीट जात नाही आणि फास्ट चार्जिंगही नाही. फसवलं का?

फसवलंच असेल असं नाही, पण काम परत न्यायला हवं. माइक सब-बोर्डावर असतो हे वर आलंच आहे. बोर्ड हलक्या प्रतीचा असेल किंवा माइकचं रबर तिरकं बसलं असेल तर आवाज दबतो. नेटवर्क कमी झालं असेल तर अँटेनाची बारीक तार नीट दाबलेली नाही. फास्ट चार्जिंग गेलं असेल तर स्वस्त कॉपी बोर्डवर त्यासाठीचे भाग नसतात, हे कारण बहुधा निघतं. म्हणून दुकानातून निघण्याआधी तिथेच तपासा: केबल दोन्ही बाजूंनी लावून, स्वतःच्या चार्जरवर फास्ट चार्जिंगची सूचना पाहून, एक कॉल करून, एक आवाज रेकॉर्ड करून, स्पीकरवर गाणं वाजवून. पाच मिनिटांचं काम आहे.

१४. चुंबकाचं टोक किंवा फक्त वायरलेस चार्जिंग वापरून काम भागवू का?

वायरलेस चालेल, हळू आणि थोडं गरम असलं तरी. पोर्टच्या आतली गंज-घाण मात्र तशीच राहू देऊ नका. चुंबकाचं टोक, म्हणजे केबल चुंबकानं चिकटावी म्हणून पोर्टमध्ये घालायचा तुकडा, कायम बसवून ठेवायला मी सांगणार नाही. त्याचे संपर्क उघडे राहतात, चुंबकाला लोखंडाचे कण चिकटतात आणि शॉर्ट होऊ शकतं.

१५. मग नवा फोन घेणंच योग्य, असं कधी?

फोनला सुरक्षा अपडेट येणं बंद झालं आहे आणि त्यावर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, तेव्हा. पाणी मुख्य बोर्डापर्यंत गेलं आहे आणि एकेक भाग बंद पडत चालला आहे, तेव्हा. स्क्रीन, बॅटरी, पोर्ट तिन्ही एकदम बदलायची वेळ आली आहे आणि त्यांचा खर्च त्याच दर्जाच्या वापरलेल्या फोनच्या किमतीजवळ जातोय, तेव्हा.

फक्त पोर्ट गेला असेल, किंवा पोर्ट आणि थकलेली बॅटरी असेल, तर दुरुस्तीच करा. बॅटरी तेव्हाच बदलून घ्या, फोन एकदाच उघडला जाईल. स्मार्टफोनचा पर्यावरणावरचा बहुतांश भार तो बनवतानाच पडलेला असतो, वापरताना नव्हे. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. चालता फोन त्या ढिगात जाऊ नये.

१६. पोर्ट बदलला, बॅटरीही बदलली, तरी चार्ज होत नाही. आता?

मग फ्लेक्स पट्टी किंवा मुख्य बोर्डावरची चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप). आधी पट्टी बदलून पाहायला सांगा, ती स्वस्त असते आणि वाकल्यानं तुटते. आयसीचा दोष खराब चार्जर, पाणी किंवा चुकीच्या सोल्डरिंगनं येतो. आयसी बदलता येते, पण हे बोर्डाचं काम आहे, प्रश्न १० मधली मायक्रोस्कोपची अट इथे दुप्पट लागू.

१७. फोन पूर्ण बंद आहे, बॅकअप नाही, आणि सगळे फोटो आत आहेत. निदान ते तरी निघतील का?

बहुतेक वेळा निघतात. पोर्ट मेला म्हणून मेमरी मरत नाही. वायरलेस चार्जिंग असेल तर पॅडवर तासभर ठेवा, चालू होताच वायफायवरून बॅकअप घ्या. नसेल तर कारागिराला स्पष्ट सांगा की तुम्हाला आधी डेटा हवा आहे, फोन टिकला नाही तरी चालेल. मग तो तात्पुरता चालणारा सब-बोर्ड किंवा बाहेरून चार्ज केलेली बॅटरी जोडून फोन चालू करू शकतो. फोनची मेमरी एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपात बंद) असते, त्यामुळे मेमरी चिप नुसती काढून दुसरीकडे वाचता येत नाही. तोच बोर्ड चालू व्हावा लागतो आणि तुमचा पासवर्ड लागतो. म्हणून फोटो हातात येईपर्यंत कोणालाही फोन रीसेट किंवा फ्लॅश करू (त्यात सॉफ्टवेअर नव्यानं टाकू) देऊ नका, आणि पासवर्ड समोर उभं राहून स्वतःच टाका.